काळी चारवरून पांढरी चारवर: वय झालेला आवाज ऐकताना

बाईंनी अंतरा उचलला, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा'च्या, अलीकडे आल्या आणि थांबल्या. उजवा हात प्रेक्षकांकडे केला. सगळं सभागृह तो षड्ज गायलं. बाईंनी मान हलवली, हसल्या आणि पुढची ओळ खालच्या सुरावरून धरली.

सांगलीतला गेल्या हिवाळ्यातला कार्यक्रम. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण हा लेख त्यांच्या एकट्याबद्दल नाही. वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, घराघरांत ज्यांची भावगीतं पाठ आहेत अशा कोणाही मोठ्या गायिकेबद्दल हे लिहिता येईल. मी चौथ्या रांगेत होतो. मी पेटी वाजवतो, आणि पेटी वाजवणाऱ्याची बोटं गप्प बसत नाहीत, मांडीवरच पट्टी शोधतात. या गाण्याची मूळ रेकॉर्ड काळी चारमध्ये आहे, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. त्या दिवशी बाई पांढरी चारमध्ये गात होत्या. म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजत तीन सूर खाली.

बाहेर पडल्यावर चहाच्या गाडीपाशी आमचे अण्णा गप्प उभे होते. शेजारचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, बाईंचं त्यांच्याकडे नाही असं एकही गाणं नाही. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "आवाज गेला रे बाईंचा." त्यांचा नातू सोबत होता. त्यानं सरळ विचारलं, "मग आजोबा, त्या गायचं थांबवत का नाहीत?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. मलाही उभ्या उभ्या देता आलं नाही. पण "आवाज गेला" हा शब्दप्रयोग मला तेव्हापासून टोचतोय. आवाज म्हणजे काही एक दिवा नाही, की होता आणि विझला. तो चार-पाच गोष्टींचा मिळून बनतो, आणि त्या प्रत्येकीचं वय वेगळ्या वेगानं होतं. काय गेलं आणि काय राहिलं हे कळलं, तर अशा मैफलीत आपण ऐकतो तेच वेगळं होतं.

पेटीवरून सांगतो, मला तेच सोपं पडतं. पेटीला भाता असतो, तो हवा देतो. आत पितळी सूर असतात, हवा गेली की ते थरथरतात. आणि बाहेरची लाकडी पेटी त्या थरथरीला गोलाई देते. माणसाच्या आवाजातही हेच तिन्ही आहेत. फुफ्फुसं आणि पोटाचे स्नायू हा भाता. गळ्यातले स्वरतंतू हे सूर. आणि घसा, तोंड, नाक यांची पोकळी ही पेटी. फरक एवढाच की पेटीत प्रत्येक स्वराला वेगळा सूर बसवलेला असतो, आणि माणसाला मात्र दोनच स्वरतंतूंवर मंद्रापासून तारापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकापासून वरच्यापर्यंत, सगळं भागवावं लागतं.

स्वरतंतू हा शब्दही थोडा फसवा आहे. ऐकताना तारा डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात त्या दोन नाजूक घड्या आहेत, बाईमाणसात साधारण एक ते दीड सेंटिमीटर लांबीच्या, पुरुषात थोड्या जास्त. आत स्नायू, त्यावर लवचीक थर, आणि सगळ्यांत वर ओलसर, जेलीसारखी मऊ त्वचा. गाताना ही वरची त्वचा लाटेसारखी हलते. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज म्हणजे या घड्या सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकींवर येतात आणि दूर होतात. तार षड्जाला तोच आकडा ४१५ च्या घरात जातो. एक सेकंद तार षड्ज लावला, तर चारशेहून जास्त वेळा मिटणं आणि उघडणं. पन्नास-साठ वर्षांच्या कारकिर्दीत ते किती वेळा झालं असेल याचा हिशेब करायला बसलो आणि सोडून दिला.

वय वाढतं तसा आतला स्नायू बारीक होतो, जसा दंडाचा होतो तसाच. मग दोन्ही घड्यांच्या कडा सरळ न राहता मधोमध किंचित आत वळतात, धनुष्यासारख्या. त्या पूर्ण मिटत नाहीत, मध्ये फट राहते. त्या फटीतून हवा गळते. आपल्याला ऐकू येते ती हीच: सुराच्या अवतीभवती एक श्वासाची किनार, "फुसफुस" म्हणतो ती. मधल्या लवचीक थरात ताणून परत येणारे तंतू कमी होतात, कोलॅजनचे ताठ धागे वाढतात. वरची त्वचा कोरडी पडू लागते, आणि कोरड्या त्वचेवर लाट नीट उठत नाही. स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात, सांधे आखडतात.

मिरजेत तानपुऱ्याच्या दुकानात बसलेल्यांना हे वेगळ्या तऱ्हेनं कळेल. तानपुऱ्याची तार वर्षानुवर्षं घोडीवर घासते, घोडीच्या पाठीवर बारीक खाच पडते, आणि जवारी जाते. तार तीच, भोपळा तोच, पण झंकार बसतो. मग सतारमेकर घोडी हातात घेतो, डोळ्यासमोर आडवी धरून बघतो, पुन्हा पुन्हा घासतो, तार चढवतो, छेडतो, उतरवतो, परत घासतो. अर्ध्या दिवसानं तानपुरा पुन्हा बोलू लागतो. गळ्याची जवारी अशी काढून देणारा कारागीर नाही. रियाजानं आणि आवाजाच्या उपचारानं स्नायूची ताकद बरीच टिकवता येते, रोज गाणाऱ्यांचा आवाज न गाणाऱ्यांपेक्षा उशिरा म्हातारा होतो हे खरं. पण जो थर ताठ झाला, तो पुन्हा पंचविशीचा होत नाही.

आता भाता. विशी-पंचविशीनंतर फुफ्फुसांची ताकद कणाकणानं उतरत जाते. छातीचा पिंजरा ताठ होतो, फुफ्फुसाची लवचीकता घटते, आणि श्वास पूर्ण सोडला तरी आत उरणारी हवा वाढते. म्हणजे वापरायला मिळणारी हवा कमी. त्यात घड्यांमधली फट हवा गळवणार. जी ओळ रेकॉर्डवर एका दमात आहे, ती मंचावर दोन दमांत येते. आपण मनातल्या मनात रेकॉर्डबरोबर गात असतो, म्हणून तो मधला श्वास आपल्याला ठेच लागल्यासारखा वाटतो.

पण दम कमी असणं म्हणजे गाणं कमी असणं नव्हे, हे आपल्याच माणसानं दाखवून दिलंय. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं. कित्येक वर्षं गाणं बंद. बरे झाले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं. लांबलचक ताना-आलापांचा पसारा शक्य नव्हता. मग छोटे, टोकदार स्वरवाक्यांश, मध्येच तोडलेली ओळ, त्या तोडीनंतरची शांतता, असं गाणं उभं राहिलं. ते ऐकताना हा माणूस हवेला मोताद आहे असं कोणाला वाटत नाही. प्रत्येक श्वास जाणून घेतलेला आहे असं वाटतं. शरीरानं घातलेली मर्यादा गाण्याचं व्याकरण बनू शकते.

बाई आणि पुरुष यांचे आवाज म्हातारपणी उलट दिशांना जातात. पाळी गेल्यानंतर बाईंच्या स्वरतंतूंना जाडी येते आणि आवाज खाली उतरतो. पुरुषांचे स्वरतंतू पातळ होतात, आवाज थोडा चढा, पिचका होतो. आजी-आजोबा फोनवर बोलताना कोण बोलतंय हे कधी कधी कळत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून म्हाताऱ्या गायिकेचं वरचं टोक आधी जातं, पण खालचा पट्टा कधी कधी तरुणपणापेक्षा भरदार होतो. गंगूबाई हनगल यांचा आवाज तरुणपणीच घशाच्या शस्त्रक्रियेनंतर जाडसर झाला. तो त्यांनी लपवला नाही, त्याच्यावर गाणं उभं केलं, आणि नव्वदी ओलांडल्यावरही मंचावर गायल्या. पातळ, टिपेचा आवाज म्हणजेच बाईचा आवाज, हा आपल्या कानांना लागलेला चित्रपटाचा नाद आहे.

आता पट्टीकडे येतो, कारण त्या रात्री सगळा खेळ पट्टीचा होता.

काळी चारवरून पांढरी चारवर येणं म्हणजे षड्जच खाली सरकवणं. मग सगळं गाणं त्याच्याबरोबर खाली येतं. मूळ गाण्यात एका जागी तार गंधाराला स्पर्श आहे. काळी चारमध्ये तो गंधार सेकंदाला साधारण ५२३ कंपनांचा. पांढरी चारमध्ये तोच गंधार ४४० वर येतो. आकड्यात फार वाटत नाही, पण पंच्याहत्तरीच्या गळ्याला तो जिना आणि डोंगर एवढा फरक असतो. वरचा सूर लावायचा म्हणजे घड्या ताणून पातळ करायच्या आणि खालून हवेचा दाब वाढवायचा. ताणायचा स्नायू दमलेला, भाता कमी. मग सूर पोचतो, पण पाव पायरी खाली राहतो. "सूर उतरला" म्हणतो तो हा. गायकाला सूर माहीत नसतो असं मुळीच नाही, माहीत असलेल्या सुरापर्यंत शरीर पोचवत नाही.

पट्टी उतरवण्याची किंमत मात्र खालच्या अंगाला मोजावी लागते. त्याच गाण्याचा मुखडा मंद्र पंचमाला टेकतो. काळी चारमध्ये तो १५६ च्या आसपास होता, पांढरी चारमध्ये १३१ झाला. तरुण गायिकेला तिथं नुसता वारा निघाला असता. बाईंच्या वय झालेल्या, जाड झालेल्या आवाजात तो पंचम असा काही लागला की माझ्या पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. तीस वर्षांपूर्वीच्या बाईंना तो सूर तसा लावता आला नसता. हे मी त्या रात्री अण्णांना सांगायला हवं होतं.

वाद्यांचंही गणित बदलतं. बासरी आणि व्हायोलिन यांची ठरलेली गोडी त्या जुन्या पट्टीत बसवलेली असते. तीन सूर खाली आल्यावर मोकळ्या तारांवरचे सूर जागा बदलतात, वाद्यांचा रंग गडद होतो. गाणं तेच, पण संध्याकाळचं दुपारी ऐकावं तसं काहीतरी. आपण म्हणतो "मजा आली नाही", आणि दोष गायिकेच्या माथी जातो. चांगला संयोजक अशा वेळी वाद्यमेळ नव्यानं लिहितो.

कंप हा दुसरा मुद्दा. चांगल्या तरुण आवाजात लांबवलेला सूर सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा हलकासा झुलतो, तो आपल्याला गोड लागतो. वयानं हा झोका संथ आणि रुंद होतो. मग कानाला तो झोका न वाटता हलणं वाटतं. म्हणून जाणते गायक म्हातारपणी सूर लांबवत नाहीत, त्याला स्पर्श करून निघतात. तार षड्जावर ठाण मांडून बसण्याऐवजी त्याला टेकून परत येतात. कानांचंही वय होतं, वरच्या पट्ट्यातलं ऐकू येणं आधी कमी होतं, आणि मंचावर स्वतःचाच आवाज नीट ऐकू आला नाही तर गायक जोर लावतो, जोर लावला की सूर आणखी हलतो. दात, कोरडं तोंड, रक्तदाबाची एखादी गोळी, पित्त, या सगळ्यांचाही थोडाथोडा वाटा असतो.

जाता जाता एक कळकळीचं सांगणं. कोणाचाही आवाज दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसून राहिला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. भजनी मंडळातली कितीतरी माणसं घसा खरवडत वर्षं काढतात, आणि मागे काय आहे ते बघायचं राहून जातं.

आता राहतं काय? माझ्या मते सगळ्यांत शेवटपर्यंत टिकते ती लय. त्यानंतर शब्दाची फेक. कुठल्या अक्षरावर वजन द्यायचं, कुठलं अर्धवट सोडायचं, मात्रेच्या किती मागे यायचं, हे स्नायूंच्या ताकदीवर कमी आणि कितीतरी वर्षांच्या विचारावर जास्त अवलंबून असतं. मल्लिकार्जुन मन्सूर १९९२ साली गेले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांच्या उतारवयातलं गाणं ऐका. आवाजाला वय लागलेलं स्पष्ट कळतं. पण स्वर आणि लय यांची वीण इतकी घट्ट, की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईपर्यंत आपलाच श्वास अडकतो.

त्या रात्री बाईंनी शेवटच्या कडव्यात एका शब्दाचं पहिलं अक्षर मात्रेवर न घेता मागे ओढून घेतलं. तबलजीनं चटकन वर बघितलं. दुसऱ्या आवर्तनात तो तयार होता, त्यानंही हात मागे ठेवला. दोघं मिळून त्या फटीत क्षणभर थांबले आणि समेवर एकत्र उतरले. रेकॉर्डवर ही जागा नाही. ते गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा बाई तिशीच्या असतील. तेव्हा ही जागा त्यांना सुचली नसावी, असं मला वाटतं. ती सुचायला मधली वर्षं लागली.

अडचण अशी की आपल्या कानात गायिका नसते, रेकॉर्ड असते. जुन्या ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्या साडेतीन मिनिटांत गायकाचा एक दिवस गोठला, आणि तो आपण आयुष्यभर ऐकत राहिलो. सांगलीत राहिलेले मास्टर दीनानाथ १९४२ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचा म्हातारा आवाज कोणीच ऐकला नाही. आपल्यासाठी तो गळा कायम तळपताच राहिला. मिरजेत ज्यांच्या स्मृतीसाठी आजही दर्ग्याच्या उरुसात गाणं होतं, ते अब्दुल करीम खाँ १९३७ साली मैफलींच्या प्रवासातच, रेल्वे स्टेशनवर गेले, गाण्याची कारकीर्द चालू असतानाच.

बालगंधर्वांच्या वाट्याला मात्र उतारवय आलं. ते आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, जन्म १८८८ चा. १९१३ मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढली, कर्जात बुडाले, १९३५ साली बोलपटात संत एकनाथ झाले, आणि पुन्हा रंगमंचाकडे वळले. पन्नाशी ओलांडलेला पुरुष नायिकेच्या शालूत उभा राहायचा, आणि लोक जायचे. शरीर थकलं तेव्हा बसून भजनं गायले. १९६७ साली गेले. त्या उतारवयातल्या भजनांची मुद्रणं आजही ऐकायला मिळतात. मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा पाच मिनिटांत बंद केली होती. नाट्यपदांच्या तबकड्या कानात होत्या, हा आवाज दुसराच वाटला. कित्येक वर्षांनी, स्वतः गाणाऱ्यांना साथ करून करून, पुन्हा लावली. तेव्हा ऐकू आलं की शब्द सोडण्याची ती लकब जागच्या जागी आहे, कुठंही हिसका नाही, सूर जेवढा पोचतो तेवढाच मागितलेला आहे. सांगलीकरांनी विष्णुदास भावे गौरव पदक सुरू केलं तेव्हा त्याचे पहिले मानकरी बालगंधर्वच होते. पदक देणाऱ्यांनी त्यांचं तरुणपण आणि म्हातारपण दोन्ही ऐकलेलं होतं.

एका गोष्टीत मी चाहत्यांच्या बाजूनं आहे. पट्टी उतरवणं, शिष्येला मागे बसवून वरचा सूर तिच्याकडून घेणं, प्रेक्षकांना ओळ देणं, गाण्यांची निवड बदलणं, ही सगळी प्रामाणिक कारागिरी आहे. पण आधी मुद्रित केलेला आवाज लावून वर ओठ हलवणं मला मान्य नाही, गायक कितीही मोठा असो. तिकीट काढून आलेला माणूस आजचा गळा ऐकायला आलेला असतो. इको वाढवून फुसफुस झाकायचा प्रयत्नही वाईटच. त्या इकोत शब्द बुडतात, आणि म्हाताऱ्या गायकाकडे सगळ्यांत मोलाचं जे उरलेलं असतं ते शब्दच. ध्वनी सांभाळणाऱ्या पोरांना कोणीतरी हे सांगायला पाहिजे: इको कमी करा, माइक जवळ द्या, मंचावर गायकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येऊ द्या. अर्धी मैफल तिथंच सुधारते. दोन तास सलग गायला लावणं हा संयोजकांचा दोष आहे. एक तास पुरे. लोक भांडत नाहीत, मी बघितलंय.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तरही मला यातच सापडतं. बाई का थांबत नाहीत? कारण त्यांच्याजवळचं सगळं संपलेलं नाही. वरचे चार सूर गेलेत, दम गेलाय. उरलेलं अजून वाढतंय. ज्या दिवशी ते वाढणं थांबेल तो दिवस त्यांना आपल्या आधी कळेल, गळा त्यांचा आहे.

अण्णांना पाच-सहा दिवसांनी घरी बोलावलं. पेटी काढली. आधी मुखडा काळी चारमध्ये वाजवला. ते डोळे मिटून डोलले. मग तोच पांढरी चारमध्ये वाजवला, मंद्र पंचमावर आलो तेव्हा भाता जरा जास्त दाबला, सूर धरून ठेवला.

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "इथंच त्या काकू मागं वळल्या होत्या ना?"

"होय."

"परत वाजव. खालचंच."




मी परत वाजवला. तिसऱ्यांदा वाजवताना ते शेवटच्या कडव्यापाशी आले आणि तो शब्द मात्रेच्या मागे ओढून म्हणाले, बाईंनी घेतला होता अगदी तसा. घसा खरखरीत होता, पण समेवर बरोबर उतरले. मग भडंगाची पुडी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, कोल्हापूरला त्यांचा कार्यक्रम आहे म्हणतात, तिकिटं कधीपासून मिळतात ते बघ.